साडेतीन वर्षांनंतर ३५० सीसीची मोटारसायकल: गाडी उत्तम, तरीही विकायला काढली आहे

गाडीच्या इंजिनाची ताकद, टाकीची क्षमता, सीटची उंची हे सर्व वाचकांना ठाऊक आहे, म्हणून त्यात जागा घालवत नाही. ३५० सीसीच्या वर्गातली, एका सिलिंडरची, एअर-कूल्ड, इंजेक्शनची आणि किक नसलेली ही गाडी मी २०२२ साली घेतली. तेव्हापासून ती गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या खळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असते. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत हीच गाडी वापरणाऱ्याचा अनुभव वेगळा असणार. मी लिहितो आहे ते खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीविषयी, आणि ती ठेवावी की विकावी या प्रश्नाविषयी. गेल्या पावसाळ्यानंतर हा प्रश्न टाळता येईनासा झाला.

सुरुवात साइड स्टँडच्या स्विचपासून करावी लागेल. या गाडीवर कोणी काहीही विचारले तरी माझे पहिले उत्तर तेच असते.

गणपतीच्या तोंडावर गाडी विचित्र वागू लागली. न्यूट्रलमध्ये सेल्फ मारला की इंजिन लगेच सुरू होई, आणि पहिला गिअर टाकताक्षणी बंद पडे. कधी दिवसभर व्यवस्थित चाले, आणि मोडका आगरच्या पुढे एखाद्या खड्ड्यात चाक आपटले की धावता धावता इंजिन मरून जाई. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्या वापरणाऱ्यांना हे लक्षण ओळखीचे असेल. स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये टाकली तर इंजिन बंद व्हावे, यासाठी स्टँडच्या बिजागरीपाशी एक स्विच बसवलेला असतो. ही सोय अत्यंत गरजेची आहे, कारण उघडा राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि गाडी चालवणाऱ्याला काही कळण्याआधीच ती आडवी होते. मात्र इतक्या महत्त्वाचा हा तुकडा गाडीच्या डाव्या अंगाला, सर्वांत खाली, नेमका पुढच्या चाकाच्या शिंतोड्यांच्या वाटेवर बसवलेला आहे आणि त्याच्यावर कसलेही झाकण नाही. ज्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने हवेतून मीठ येत राहते, त्या किनाऱ्यासाठी ही जागा निवडणे मला अजिबात पटलेले नाही.

गाडी टेम्पोत घालून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तेथे तिला स्कॅनर लावला, स्कॅनरवर कोणताही दोष दिसला नाही, आणि काही दिवसांनी फोन आला की संपूर्ण वायरिंग बदलावी लागेल. मजुरी सोडून आठ हजारांच्या आसपास खर्च सांगितला. साइड स्टँडचा स्विच उघडून पाहिला का, असे विचारले तर उत्तर मिळाले की स्कॅनरमध्ये एरर येत नाही, म्हणजे स्विच चांगला आहे. हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. स्विचचा संपर्क तुटलेला असो किंवा स्टँड खरोखरच खाली असो, ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, दोन्ही वेळा एकच संदेश जातो. स्टँड खाली असणे हा दोष नाही, त्यामुळे तो दोष म्हणून नोंदला जाणार तरी कसा? हे समजावून सांगण्यात माझे दोन फोन आणि बराचसा संयम खर्ची पडला. शेवटी तपासणीचे पैसे भरून गाडी परत आणली.

शृंगारतळीच्या एका मेस्त्रींनी तो स्विच माझ्या डोळ्यांदेखत काढला. वरचा लाल चिखल पेट्रोलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने सोडवल्यावर आत मिठाचा पांढुरका थर दिसला. स्प्रिंग असलेली खुंटी अर्ध्यावर अडकून बसली होती, आणि वायरींचा जोड, म्हणजे कपलर, उघडला तर पितळी पिनांवर हिरवागार कळंक चढलेला होता. त्यांनी दोन वायरी एकत्र धरून गाडी गिअरमध्ये टाकून दाखवली, इंजिन चालूच राहिले. दोष तेवढाच होता. "डायरेक्ट करून देऊ काय सर? परत कटकट नाय," असे त्यांनी विचारले, पण मी नकार दिला. सुरक्षेसाठी केलेली सोय वैतागापोटी कापून टाकणे मला मान्य नाही, आणि ज्यांनी ती कापून घेतली आहे त्यांनी निदान नवा स्विच बसवून घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. नवा स्विच सातशे रुपयांच्या आत मिळाला. कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (विजेच्या जोडांत ओलावा शिरू न देणारे) भरले आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा एक रुंद पट्टा जोडला. आठ हजारांचे काम एवढ्या खर्चात निभावले याचा आनंद मला अजूनही आहे.

बाकी गाडीविषयी थोडक्यात. किनाऱ्यावर क्रोमवर तांबूस ठिपके येतात, ते आठवड्याला पुसले तर जातात, महिनाभर राहिले तर खड्डे सोडून जातात. पुढच्या फोर्कच्या (चाक धरणाऱ्या शॉकअब्सॉर्बरच्या) नळ्यांवर असा खड्डा पडला की तो ऑइल सील कापतो, म्हणून सर्वांत आधी त्या नळ्या पुसाव्यात. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारावी असे सांगतात, पण पावसाळ्यात आमच्या जांभ्याच्या मातीत ती मर्यादा निम्म्यावर आणावी लागते. वाळूत गाडी उतरवू नये, आणि उतरवलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कुंभार्ली घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ते ज्या समाधानाने ओढते, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

येथपर्यंतचा मजकूर दिवाळीपूर्वी लिहून ठेवला होता, आणि त्याचा शेवट असा होणार होता की गाडी चांगली आहे, परंतु एका स्विचमुळे विश्वास उडाला आणि विश्वासाबरोबर हौसही गेली. तेव्हा मला तसेच वाटत होते. प्रत्येक धक्क्याला कान इंजिनाकडे लागत, घाटातल्या वळणावर गाडी बंद पडली तर काय या विचाराने खांदे आखडत, आणि घरी परतल्यावर फिरून आल्याचे समाधान वाटण्याऐवजी सुटल्यासारखे वाटे. गाडी निर्दोष झाली की उत्साह आपोआप परत येईल, अशी माझी खात्री होती.

गाडी निर्दोष झाली. नवा स्विच बसवल्यापासून ती एकदाही मध्येच बंद पडलेली नाही, म्हणून गाडीबद्दलचे माझे मत मी बदलतो आहे: किनाऱ्यावर राहून देखभाल करू शकणाऱ्यासाठी ही टिकाऊ आणि भरवशाची गाडी आहे. उत्साह मात्र परतला नाही. हिवाळा सुरू झाला, रस्ते कोरडे झाले, पहाटे गारवा येऊ लागला, म्हणजे कोकणात मोटारसायकल चालवण्याचे जे मोजके महिने असतात ते आले, तरीही रविवारी सकाळी माझा हात स्कूटरच्या किल्लीकडे जात राहिला.

पूर्वी असे नव्हते. उजाडायच्या आधी निघून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला पहिली फेरीबोट गाठायची, जयगडच्या धक्क्यावर उतरायचे, गणपतीपुळ्याला न थांबता आरे-वारेच्या चढावर गाडी उभी करायची आणि तेथून दोन्ही बाजूंचे किनारे पाहत थर्मासमधला चहा प्यायचा, हा माझा अत्यंत आवडता कार्यक्रम होता. तवसाळच्या उतारावर इंजिन बंद केल्यावर सायलेन्सर थंड होताना होणारा टिकटिक आवाज ऐकत बोटीची वाट पाहण्यातही मला आनंद होता. बरोबरच्यांपैकी एक पुण्याला गेला आणि दुसऱ्याने मुले झाल्यावर चारचाकी घेतली. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे, त्यातले डायव्हर्जन आणि धूळ सोसून लांबच्या प्रवासाला निघण्याची इच्छा कमी होत गेली. श्रावणात जॅकेट आणि हातमोजे कपाटातून काढावेत तर त्यांवर पांढरी बुरशी, आणि एप्रिलमध्ये तेच जॅकेट घालून शृंगारतळीपर्यंत गेले तरी आतला शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. यांपैकी कोणतेही कारण एकटे पुरेसे नाही, आणि हे सर्व पहिल्या वर्षीही होतेच, फरक एवढाच की तेव्हा ते जाणवत नव्हते.

हौस गेली म्हणून गाडी लगेच विकावी असे नाही, काही काळ थांबून पाहावे, हा सल्ला मला अनेकांनी दिला आणि कोरड्या हवेच्या गावात तो योग्यही आहे. तेथे गाडी कव्हरखाली वर्षभर उभी राहिली तरी बॅटरी आणि पेट्रोल बदलून पुन्हा रस्त्यावर येते. किनाऱ्यावर उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. चेनचे दुवे एकमेकांना धरून बसतात, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधले पिस्टन अडकतात, आणि कव्हरखाली ओलावा कोंडला की गंज अधिकच वाढतो. शिवाय आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. गाडी नेहमी फिरती असेल तर त्याने फारसे बिघडत नाही, पण अर्धवट भरलेली टाकी आमच्या पावसाळी हवेत चार महिने तशीच ठेवली तर ते पाणी तळाशी बसून टाकी आतून गंजण्याची शक्यता असते, आणि तो गंज पुढे फ्युएल पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचतो. बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडून ठेवता येते, परंतु ती उतरलीच तर किक नसलेली, पावणेदोनशे किलोच्या पुढची गाडी ढकलत मेस्त्रींकडे न्यावी लागते. म्हणजे न चालवताही ही गाडी जपायची असेल तर मला दर आठवड्याला तिच्यावर तेवढेच श्रम करावे लागतील, जेवढे मी तिच्यावर प्रेम असताना करत होतो. स्विच बसवताना मेस्त्री म्हणाले होते, "सर, फिरवत नाय तर ठेवलीत कशाला? वारा खातोय तिला." तेव्हा मला त्यांचा थोडा रागच आला होता, आता मात्र त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले आहे.

खर्चाचाही विचार केला आहे, कारण पैसा मी जपूनच वापरतो. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना तीन ते चार वर्षांच्या वाहनावर ४० टक्के घट धरतात, आणि चार वर्षे पूर्ण झाली की ती ५० टक्के होते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी घेणाऱ्यांना याचा मोठा लाभ झाला आणि तो व्हायलाच हवा होता, परंतु नवी गाडी स्वस्त झाल्यामुळे जुनीची किंमतही तेवढी खाली आली. चिपळूणच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून मी एक आठवडा हा विषयच बंद ठेवला होता. नंतर शांतपणे हिशेब मांडला. आणखी एक पावसाळा ठेवायची तर विमा, सर्व्हिस, चेन-स्प्रॉकेटचा संच आणि कदाचित नवी बॅटरी, हा खर्च करून पुढच्या दिवाळीत मिळणारी किंमत आजच्यापेक्षा निश्चितच कमी असेल. आमच्याकडे मोटारसायकलला गिऱ्हाईक येते ते दिवाळी ते शिमगा या काळात, आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की कोणी विचारत नाही.

म्हणून विकायचे ठरवले आहे, व्यापाऱ्याला न देता थेट वापरणाऱ्याला, आणि शक्य झाल्यास घाटावरच्या माणसाला. कराडहून एक तरुण दोनदा येऊन गाडी पाहून गेला आहे. त्याने गाडीखाली आडवे होऊन स्विचची जागा आणि फोर्कच्या नळ्या तपासल्या, तेव्हाच तो मला आवडला. जादा आणून ठेवलेला एक स्विच आणि ग्रीसची ट्यूब त्याला गाडीबरोबर देणार आहे. किमतीत फक्त चार हजारांचे अंतर उरले आहे, आणि तो थोडा वर आला तर मी उरलेले सोडीन.

विक्री करणाऱ्या इतरांना एक आग्रहाची सूचना करतो: मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी आणि किल्ली देऊन टाकू नका, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव बदलले जाईपर्यंत पाठपुरावा करा. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे, त्यामुळे विकलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या माथी येऊ शकते. कर्ज काढून गाडी घेतली असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा आधी उतरवून घ्यावा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) गाडीबरोबर जातो, मात्र विक्रीनंतर चौदा दिवसांच्या आत खरेदीदाराने पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायला हवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तेवढा विकणाऱ्याचाच राहतो. सलग तीन वर्षे क्लेम नसल्याने माझा तो ३५ टक्के झाला आहे, आणि विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या दुचाकीला तो लावता येतो. व्यवहार झाला की विक्रीच्या कागदांसोबत त्या प्रमाणपत्राचाही अर्ज मी करणार आहे.