‘70 वॅटचा फ्रिज’ घेताना मी कुठे फसलो

वडिलांचं इन्सुलिन ठेवायला त्यांच्या खोलीत एक छोटा फ्रिज हवा होता. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. जुना मिनी फ्रिज विकणारा एक जण सापडला. मी स्पष्ट विचारलं, “कॉम्प्रेसर आहे ना?” तो म्हणाला, “आहे ना दादा. लहान आहे, म्हणून आवाज येत नाही. फक्त 70 वॅट, बिलात कळणारसुद्धा नाही.” दार उघडलं तर आत पाण्याच्या गारेगार बाटल्या. त्या बाटल्या आधी दुसऱ्या फ्रिजमध्ये गार केलेल्या असतील, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. फ्रिज भिंतीला टेकवलेला होता आणि मी तो ओढून मागे पाहिलं नाही. माझी मोठी चूक ती.

निघताना तो म्हणाला, “गाडीतून हलणार, तेव्हा दोन दिवस सुरू करू नका.” आडवा नेलेला कॉम्प्रेसरचा फ्रिज काही तास उभा ठेवायचा असतो, त्यातलं तेल खाली बसावं म्हणून. हे मला माहीत होतं, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. खरं तर त्याला ते दोन दिवस हवे होते.

ते दोन दिवस मी साफसफाईत घातले. आत अत्तराचा भपका होता आणि त्याखाली कुबट वास. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतून पुसलं, जुन्या टूथब्रशने दाराच्या रबराच्या घड्यांतली काळी बुरशी काढली. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं. एका कोपऱ्यात ती अलगद निसटली, म्हणजे तिथून गार हवा बाहेर जाणार. शेवटी मागची बाजू पुसायला वळवली आणि हात थांबला. कॉम्प्रेसर नव्हताच. धुळीने भरलेला एक पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्या, बस्स. माहितीची पाटी खरवडून काढलेली.

हा पेल्टियर चिपवर चालणारा डबा होता, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या छोट्या चकतीवर. असा डबा आतलं तापमान खोलीपेक्षा साधारण 15 ते 20 अंशांनीच खाली आणतो. तरी आशेने धूळ काढली, सुरू केला आणि आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवला. सकाळी खोलीत 31 अंश, पेल्यात 15. इन्सुलिन सोडाच, दूधही मी त्यात ठेवणार नाही.

आणि विजेचं? प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर लावला. दिवसरात्र 68 वॅट, एक क्षणही बंद नाही. 24 तासांनी 1.63 युनिट, म्हणजे महिन्याला 49 च्या आसपास. 70 वॅटचा आकडा खोटा नव्हता, म्हणून तर मी फसलो. तेवढ्याच वॅटचा कॉम्प्रेसर गारवा आला की थांबतो. तो दिवसातून एकूण आठ तास चालला असं धरलं तर रोजचं अर्ध्या युनिटहून थोडं जास्त होतं, महिन्याला 17. नुसत्या वॅटवरून बिल कळत नाही. किती तास चालतो, हे धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. वॅटमीटर नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून विजेच्या मीटरचा दिवा तासाभरात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुक, ते मीटरवर छापलेलं असतं. फक्त कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, तेव्हा दोनतीन तास मोजा.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आधीच सांगा, फ्रिज रिकामा आणि बंद ठेवा, मी आल्यावर सुरू करू. स्वतः ओढून मागे बघा. खाली काळा, गोलसर कॉम्प्रेसर दिसला पाहिजे आणि पाटीवर आर600ए किंवा आर134ए असं गॅसचं नाव व वजन पाहिजे. पाटी नसेल तर परत या. आणि “दोन दिवस सुरू करू नका” असं कुणी म्हणालं, तर पैसे त्या दोन दिवसांनंतर देतो म्हणा. वडिलांचं इन्सुलिन सध्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये आहे. रोज सकाळी मीच ते आणायला जातो.