सोसायटीचं गेट-ॲप: काही महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीच्या थोडं आधी गेटचं ॲप सुरू झालं. वॉचमनच्या टेबलावरचं जाडजूड रजिस्टर गेलं आणि टॅब आला. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. बाजारात अशी बरीच ॲप आहेत आणि सोयी सगळ्यांच्या जवळपास सारख्याच, त्यामुळे तुमची कमिटी कुठलंही घेणार असली तरी हा अनुभव उपयोगी पडेल.

जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. कुरिअरवाला गेटवर आला की फोनवर विचारणा येते, ऑफिसात बसून ‘सोडा’ म्हणता येतं. पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांची नोंद होते, त्यामुळे बिलावरचे वाद बंद झाले. मेंटेनन्सची पावती मागावी लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना एका रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा घरच्यांनी ॲम्ब्युलन्सचा नंबर आधीच ॲपवर टाकला होता आणि गाडी आली तेव्हा गेट उघडं होतं. एवढ्या एका रात्रीसाठीसुद्धा वर्षाची फी वसूल झाली असं मी म्हणेन.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. याच महिन्यांत मी सावानातून, म्हणजे आपल्या 1840 सालच्या सार्वजनिक वाचनालयातून, आदर्श राज्यांची आणि भयाण राज्यांची पुस्तकं आणून वाचत होते. युटोपिया आणि डिस्टोपिया म्हणतात ती. दिवसभर ॲप आणि रात्री ही पुस्तकं, असं चाललं असताना एक प्रश्न मनात पक्का बसला. कुठल्याही नगराचं कितीही गोड वर्णन वाचलं तरी मी आता आधी त्याची वेस बघते. तिथे कोणाला अडवतात, कोणाची नोंद होते, आणि ती नोंद कोणाला बघता येते?

थॉमस मोरचंच घ्या. 1516 साली ‘युटोपिया’ या पुस्तकात त्याने कल्पिलेल्या बेटावर घरांना कुलपं नाहीत, दार नुसतं ढकललं की उघडतं, कुणीही कुणाच्या घरात जावं. दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची. काम रोज सहाच तास. वाचताना जीव हरखतो. मग कळतं की दुसऱ्या शहरी जायचं तर राज्यप्रमुखाचं पत्र लागतं, विनापरवाना सापडलात तर शिक्षा आणि दुसऱ्यांदा सापडलात तर गुलामी. आणि जनावरं कापणं, भोजनगृहातली घाणीची, अंगमेहनतीची कामं, हे सगळं गुलामांकडेच. आत राहणाऱ्यांचा मोकळेपणा कोणाच्या जिवावर उभा आहे, हे मोरने लपवलेलं नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आता आमच्या ॲपमधला कामवाल्या मावशींचा भाग. पोळ्यांना, धुण्याभांड्यांना, बाळाला सांभाळायला येणाऱ्या प्रत्येकीचा फोटो, फोन नंबर, येण्याजाण्याची वेळ, कुठकुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात ती यादी, आणि खाली तारे. वेळेवर येतात का, काम स्वच्छ आहे का, यासाठी पाचापैकी किती. हे सगळं प्रत्येक फ्लॅटधारकाला दिसतं. मावशींना यातलं काहीच दिसत नाही. त्यांच्याकडे फक्त गेटवर दाबायचा सहा आकडी कोड. आमच्या मावशींना मी माझ्या फोनवर त्यांचं पान दाखवलं. स्वतःचा फोटो त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग महिन्याच्या हजेरीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ताई, या मंगळवारी मी आले होते की. तुमच्याकडे डाळबट्टी होती त्या दिवशी.” होतीच. त्या दिवशी टॅबचं चार्जिंग संपलं होतं आणि वॉचमनने तसंच आत सोडलं होतं. पण दुसऱ्या एका घराने नोंदीवर बोट ठेवून खाडा धरला आणि पैसे कापले. मावशी त्या घरात त्या दिवशी भांडी घासून गेल्या होत्या, हे त्या घरातल्या माणसांना आठवत नव्हतं असं नाही. आठवणीपेक्षा नोंद खरी, असं त्यांनी ठरवलं.

जॉर्ज ऑर्वेलची नाइन्टीन एटी-फोर (1949) ही कादंबरी वाचलेल्यांना इथे टेलिस्क्रीन, म्हणजे घरातल्या माणसांवर पाळत ठेवणारा पडदा, आठवेल. मला मात्र त्या कादंबरीतली दुसरी एक गोष्ट जास्त लागली. ऑर्वेलच्या राज्यात पाळत असते ती पक्षाच्या सभासदांवर. लोकसंख्येत 85 टक्के असलेल्या कष्टकऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीन नसतोच, त्यांच्याकडे सत्ता तेवढं लक्षच देत नाही. आमच्या गेटवर हे बरोब्बर उलटं आहे. मी रात्री किती वाजता आले, कोणाबरोबर आले, याची नोंद माझे शेजारी बघू शकत नाहीत, आणि बघू शकले असते तर पहिल्याच सभेत गदारोळ झाला असता. मावशींची मात्र मिनिटामिनिटाची नोंद साऱ्या इमारतीला खुली. म्हणून ‘बिग ब्रदर (त्या कादंबरीतला, सगळ्यांवर नजर ठेवणारा सत्ताधीश) आला’ ही नेहमीची तक्रार मला अपुरी वाटते. तो सगळ्यांवर सारखा डोळा ठेवत नाही.

याचं मूळ शोधताना जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंतापाशी आले. एका माणसाला सगळे दिसतील आणि त्यांना मात्र तो दिसणार नाही, असा त्याचा गोल तुरुंगाचा आराखडा 1791 साली पुस्तकरूपाने आला. पण कल्पना त्याची नव्हे, त्याचा भाऊ सॅम्युअल याची. तो तेव्हा रशियात एका जहागिरीवर कारखाने बघत होता आणि त्याला कामगारांवर देखरेख करणारी इमारत हवी होती. तुरुंग नंतर आला, आधी कामगार आले. रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वुई’ (‘आम्ही’) या कादंबरीत (रशियात क्रांतीनंतर लगेचच लिहिलेली, पण छापली प्रथम इंग्रजीत 1924 साली) काचेच्या भिंतींच्या घरात सगळेच राहतात. तिथे निदान काच सर्वांना सारखी.

दिवाळीत मावशींना फराळाचा डबा दिला. पाच मिनिटांत फोन वाजला: मावशी गेटवर, हातात डबा, टॅबवर काढलेला डब्याचा फोटो आणि खाली प्रश्न, ‘ही वस्तू बाहेर नेण्यास परवानगी आहे का?’ मी ‘हो’ दाबलं आणि चपला घालून खाली गेले. मावशी बाजूला उभ्या होत्या, झाकण उघडून दाखवलेलं, चकल्या वर. मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या. वॉचमनदादा ओशाळले होते. त्यांनी नियम पाळला नसता तर त्यांचा पगार गेला असता.

हे नाशिकमध्ये घडतं, म्हणून मला जास्त लागतं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद, बाहेर पोलीस. चारही दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या. रामराज्याची स्वप्नं सांगणाऱ्या पंचवटीत, रामाच्याच दारात ही माणसं पुढची काही वर्षं झगडली. दार उघडलं नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, धर्मांतराची घोषणा झाली. फराळाचा डबा आणि तो सत्याग्रह मी एका मापाने मोजत नाही. पण दारात थांबवलेल्या माणसाकडे बघायची सवय या शहराला असायला हवी.

आणि म्हणूनच मी वाचलेल्या सगळ्या आदर्श नगरांत संत रविदासांचं बेगमपुरा मला सर्वात पुढचं वाटतं, मोरच्या बेटाच्याही पुढचं. तिथे दुःख नाही, कर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं कुणी नाही. आणि शेवटी येतं ते असं की लोक मनाला येईल तिथे हिंडतात, महालातही कुणी अडवत नाही. हातात काही नसलेल्या, चामड्याचं काम करणाऱ्या माणसाने नगर कल्पिलं आणि त्याने अडवणूकच काढून टाकली. असं नगर राजवाड्यातल्या माणसाला सुचलं नसतं.

तेव्हा ॲप घेणार असाल तर कमिटीकडून काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. ताऱ्यांची सोय ॲडमिनला बंद करता येते, ती बंद करा. हजेरीची नोंद जिची आहे तिलाही दिसायला हवी, निदान महिनाअखेरीस मोबाईलवर मेसेज जावा. जुन्या नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात ते लेखी मागा. फोटो आणि नंबर घेताना मराठीत समजावून सांगा आणि संमती घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या (मराठीही त्यात आहे) भाषेत मिळण्याची तरतूद आहे. टॅब बंद पडला तर वही वापरायची आणि वहीतली नोंद ग्राह्य धरायची, हा ठराव करून ठेवा.

आमच्या वार्षिक सभेत मी हे मुद्दे मांडले. तारे बंद झाले, वही परत आली. कापलेले पैसे त्या घराने मावशींना दिले. वस्तू बाहेर नेण्याचा पास मात्र बहुमताने कायम राहिला. तो मजुरांच्या सिमेंटच्या गोण्यांपुरताच ठेवावा, घरातून दिलेल्या डब्यापिशव्यांना लावू नये, असा विषय मी पुढच्या सभेसाठी लेखी दिला आहे आणि त्यावर आतापर्यंत तीन मजल्यांच्या सह्या झाल्या आहेत.