सीपीयू-झेड : फुकटात लई कामाचं, पण अर्धाच आकडा दाखवतंय

मागच्या दिवाळीत रायझन 5600जी प्रोसेसरवर पीसी जोडून घेतला, इथं लातूरलाच, फ्लेक्स अन् लग्नपत्रिकेच्या डिझाइनसाठी. ग्राफिक कार्डाचं बजेट नव्हतं म्हणून रॅम मुद्दाम 3200 स्पीडवाली घेतली, 8-8 जीबीच्या दोन, कारण ह्या प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅममधूनच मेमरी ओढतंय, रॅम हळू पळाली की तेबी हळू. चार-पाच महिने वापरला आन् मोठी फाइल उघडली की अडकायलं, मग भाच्यानं सीपीयू-झेड, म्हणजे पीसीत कोणता पार्ट हाय आन् किती स्पीडनं पळतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. झिपवालं घ्या, इन्स्टॉलची भानगडच नाही, आन् त्यांच्याच साइटवरून घ्या, दुसरीकडं डाउनलोडच्या बटनाखाली काय काय निघतंय देव जाणे.

मेमरी टॅब उघडला तर डीरॅम फ्रिक्वेन्सी 1066! डोकंच फिरलं. तसाच गाडी काढून दुकानात, म्हणलं अण्णा 3200 चे पैसे घेतले अन् ही काय चिकटवली? तो म्हणला अहो त्याची डबल करा, डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, हे खरा ठोका दाखवतंय. मी गप. घरी येईस्तोवर ध्यानात आलं, डबल केली तरी 2133 च्या आसपासच होतंय की, 3200 कुठाय? म्हणजे अण्णाबी अर्धाच बरोबर. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सला मेमरीवर क्लिक केलं तर तिथं सरळ 2133 लिहिलेलं असतंय, गुणाकार करायची गरजच नाही, हे आधी माहीत असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

खरी मजा एसपीडी टॅबमधे हाय. वरून स्लॉट निवडायचा, मग त्या स्टिकच्या चिपमधे कंपनीनं काय लिहून ठेवलंय ते सगळं दिसतंय, पार्ट नंबर, बनल्याचा आठवडा अन् साल (सेकंडहँड घेताना हे बघाच), आन् खाली तक्ता. माझ्यात साध्या रकान्यांत 1.20 व्होल्ट आन् शेवटच्या एक्सएमपी-3200 मधे (एक्सएमपी म्हणजे रॅम कंपनीनंच ठरवून दिलेली जादा स्पीडची सेटिंग) 1.35. मी आधी समजलो आत्ता 1.35 चालू हाय, तसं नाही. हे फक्त स्टिकला काय झेपतंय त्याची चिठ्ठी हाय, चालू व्होल्टेज सीपीयू-झेड ह्या टॅबमधे सांगतच नाही. त्यासाठी बायोसमधे (पीसी चालू होताना उघडतंय ते मदरबोर्डाचं सेटिंग) बघावं लागतंय, नाहीतर एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमधे, तेबी बोर्डावर सेन्सर असला तरच. एवढ्यासाठी एक स्टार कापला.

एक्सएमपी बोर्डाकडून बंदच येतंय, म्हणूनच माझी रॅम 2133 वर पळायलती, बायोसात जाऊन आपण चालू करायचं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतेत म्हणून सापडायला वेळ लागला. चालू केलं की स्पीड, टायमिंग, व्होल्टेज तिन्ही आपोआप बसतेत. शेजारच्या एका जाणकारानं सांगितलं हातानं 1.5 देऊन टाक म्हणून, बाबा ते डीडीआर3 च्या जमान्यातलं, डीडीआर4 ला उगं देऊ नका. नंतर पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर लावलं, एरर नाही आला. आता सीपीयू-झेड 1600 दाखवायलंय, म्हणजे 3200. भाच्याचा गेमबी आता अडकत नाही, डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर उघडायला मात्र तेवढाच वेळ, तिथं रॅमचा काय संबंध नव्हताच म्हणा.

एक गंमत राहिली. मे महिन्यात लाइटीचा खेळ चालू झाला आन् परत 1066, घड्याळबी जुन्या सालात. दोनदा बायोसात जाऊन सेट केलं, परत तेच. शेवटी बोर्डावरचा सीआर2032 सेल बदलला, लाइट गेली की तो संपलेला सेल सगळं विसरायलता. तवापासून लाइट आली की आधी सीपीयू-झेड उघडायलो, सवयच लागलीय.