बागेचा तयार संच: इंदूरच्या गच्चीवर काय चालतं, काय चालत नाही

जानेवारीच्या शेवटी इंदूरच्या गच्च्या भरात असतात. पिटुनिया कुंडीबाहेर ओसंडत असतो, डेलियाचं एकेक फूल ओंजळीत मावत नाही. हळदीकुंकवाला गेलं की काकू हमखास वर नेऊन बाग दाखवतात, आणि जिना उतरता उतरता आपलीही अशी बाग असावी असं वाटायला लागतं. मग नर्सरीतून नाहीतर ऑनलाइन नवशिक्यांसाठीचा तयार संच घरी येतो: चार ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या), कोकोपीटची म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची एक वीट, थोडं गांडूळखत, बियांची सात-आठ पाकिटं, छोटी अवजारं आणि नीम तेलाची बाटली.

यातली सगळ्यात कच्ची बाजू बियांची. काकूंचा जानेवारीतला पिटुनिया सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेला असतो. तेच बी फेब्रुवारीत पेरलं तर रोप जेमतेम उभं राहतं तोवर मार्चचं ऊन येतं. टोमॅटोचंही तसंच. फेब्रुवारीत पेरलेला टोमॅटो एप्रिल-मेमध्ये फुलावर येतो, आणि पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं फळ न धरता गळतात. लोक खताला दोष देतात, पण दोष महिन्याचा असतो. पिटुनिया, पॅन्सी, टोमॅटोची पाकिटं असतील तर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. थंडीच्या पेरणीपर्यंत ती चांगली राहतात. आत्ता भेंडी, गवार, चवळी, गिलकी, काकडी लावा. फुलांत झिनिया, सूर्यफूल आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका). भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल टोचावं; वरच्यावर ठेवलं तर सुकतं, फार खोल गेलं तर कुजतं.

ग्रो बॅग मात्र चांगली वस्तू आहे. १२ बाय १२ इंचांच्या पिशवीत साधारण २० लिटर मिश्रण मावतं, भेंडी किंवा मिरचीच्या एका झाडाला ते पुरतं. घेताना जाडी पाहा: विणलेल्या एचडीपीईची (जाड, टिकाऊ प्लास्टिकची) २०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या वरची पिशवी घ्यावी. पातळ, गुळगुळीत काळं प्लास्टिक आपल्या उन्हात लवकर तडकतं. भरलेली, भिजलेली पिशवी सहज २० किलोंच्या आसपास जाते, म्हणून ती स्लॅबच्या मधोमध मांडू नका, भिंतीच्या कडेने ठेवा. खाली दोन विटा हव्यातच. पाणी निथळतं, आणि मेमधल्या तापलेल्या स्लॅबची झळ मुळांना कमी लागते.

आता हिशेब. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट साडेतीन-चार लिटर पाण्यात फुलून आठ-नऊ लिटर कोकोपीट देते. त्यात किलो-दोन किलो गांडूळखत मिसळलं तरी जेमतेम अर्धी पिशवी भरते, आणि संचात पिशव्या चार. मग कोणी नुसतं कोकोपीटच आणून भरतं. त्यात पोषण जवळपास नसतं. रोप उगवतं, चार पानांवर येतं आणि पिवळं पडतं. कोणी प्लॉटवरची काळी माती तशीच भरतं, आणि त्यातून होणारं नुकसान लवकर लक्षात येत नाही. माळव्याची ही माती सुकली की आकसते आणि पिशवीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने बाहेर पडतं. खाली पाणी आलं म्हणून आपण निश्चिंत, आणि आतला मुळांचा गोळा कोरडा ठक्क. बोट दोन पेरं खोल घालून बघा, लगेच कळतं.

इंदूरसाठी प्रमाण असं ठेवावं: चाळलेली काळी माती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, जाड रेती अर्धा भाग. प्रत्येक पिशवीला मूठभर निंबोळी पेंड. वर दोन इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी घालताना खत वाहून जातं. कोकोपीट वापरण्याआधी दोनदा धुवून पिळा, त्यातलं मीठ कोवळ्या मुळांना सोसत नाही. खत विकतच आणायला हवं असंही नाही. या शहरात ओला कचरा वेगळा काढायची सवय घराघरात आहे. भाजीची देठं-सालं आणि दुप्पट सुकी पानं भोकं पाडलेल्या बादलीत थरांनी घातली की दोन-तीन महिन्यांत खत मिळतं. वास आला तर ओलं जास्त झालंय, सुकी पानं वाढवा.

पाणी शक्यतो नळाला येणारं नर्मदेचं द्या. बोअरिंगच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो.

अवजारांची फार अपेक्षा ठेवू नका. पातळ पत्र्याची खुरपी काळ्या मातीत वाकते, लोहाराकडची घ्या. नीम तेल कामाचं आहे, पण पाण्यात नुसतं टाकलं तर वर तरंगतं आणि फवारणीत कुठे पाणी पडतं, कुठे निव्वळ तेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक मिली लिक्विड सोप, मग पाच मिली तेल घालून खूप हलवा आणि ऊन उतरल्यावर फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

आमचं मत: कोणाला भेट द्यायची असेल तर संच बरा. स्वतःसाठी मात्र पिशव्या, पाच किलोचा कोकोपीटचा ठोकळा आणि खत नर्सरीतून सुटं घ्या, आणि बी फक्त महिन्याला जुळणारं. पहिल्या वर्षी चार पिशव्या पुरेत. एप्रिलपासून त्यांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा.

आणि ज्या काकूंची बाग पाहून हे सुरू झालं, त्यांच्याकडे शेवंतीचे फुटवे मागा. फुलं संपल्यावर छाटलेल्या शेवंतीच्या बुडाशी फेब्रुवारीत भरपूर फुटवे येतात. मुळासकट वेगळे करून छोट्या पिशवीत लावा, उन्हाळाभर अर्धसावलीत जगवा आणि जुलैत मोठ्या कुंडीत हलवा. ऑगस्टमध्ये दोन-तीनदा शेंडे खुडा, म्हणजे रोप पसरतं आणि थंडीत फुलं दाट येतात.