२७ इंची ‘फोर-के’ मॉनिटर आणि एका सेंटिमीटरमधले ३२ ठिपके

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडायचा म्हटलं की मध्ये बऱ्याच गोष्टी येतात. लॅपटॉपचं ग्राफिक्स, त्याचं पोर्ट, केबल, असलाच तर डॉक (एका वायरने लॅपटॉपला जोडून त्यावर मॉनिटर वगैरे लावायचा डबा), आणि सगळ्यात शेवटी मॉनिटर. पडद्यावर काही बिनसलं तर दोष यातल्या कशाचाही असू शकतो. माझी फसवणूक झाली ती नेमकी याच गोष्टीचा फायदा घेऊन. दुकानदाराने खोटा माल विकला, हे तर झालंच. पण त्याहून जास्त त्रास दिला तो पुढच्या टोलवाटोलवीने. तक्रार घेऊन गेलं की तो दर वेळी दुसऱ्याच वस्तूवर बोट ठेवायचा, आणि त्याचं कारण ऐकायला खरं वाटायचं, कारण तसला दोष खरोखर कुठे ना कुठे असतो. म्हणून त्याने सांगितलेली कारणं आणि त्यांची शहानिशा कशी करायची, हे सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात घरूनच पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. गणपती ते दिवाळी हे आमचे सुगीचे दिवस. एका पडद्यावर समोरासमोरची दोन पानं पूर्ण दिसावीत, दुसऱ्यावर मूळ संहिता आणि लेखकाच्या दुरुस्त्या असाव्यात, म्हणजे मान आणि वेळ दोन्ही वाचतात. देवनागरीचं काम करणाऱ्याला पडद्याची स्पष्टता लागतेच. नऊ पॉइंटच्या मजकुरात ‘र्की’सारख्या अक्षरावर रफार आणि वेलांटी एकमेकांना चिकटतात, त्यावर अनुस्वार आला तर तो आहे की नाही हेच कळत नाही, आणि छापून आल्यावर ती चूक अंकात कायमची राहते. म्हणून २७ इंचाचे दोन फोर-के मॉनिटर घ्यायचे ठरवले.

पेठेतल्या एका दुकानाने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली होती. २७ इंच, फोर-के यूएचडी, ३८४० बाय २१६० (म्हणजे पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके), आयपीएस पॅनेल, एक वर्षाची वॉरंटी. कंपनी फारशी ऐकलेली नव्हती. किंमत नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा कमी होती, पण संशय यावा इतकीही नाही. दुकानात मॉनिटर लावून दाखवला, त्यावर समुद्राखालच्या माशांचा एक व्हिडिओ लावला, रंग भडक आणि सुंदर. विंडोजच्या सेटिंगमध्येही ३८४० बाय २१६० असंच दिसत होतं. सोबत एक डॉकही दिला. “ताई, एका यूएसबी-सी वायरवर दोन्ही मॉनिटर चालतील, फोर-के, साठ हर्ट्झ.” पक्कं बिल मिळालं. त्यावर लिहिलं होतं: ‘२७ इंच एलईडी मॉनिटर, नग २’.

घरी येऊन पहिलं पान उघडलं आणि अक्षरांच्या कडा मऊ वाटल्या. सगळीकडे सारख्याच मऊ.

दुकानदाराने पहिलं कारण दिलं ते केबलचं. “तुमची एचडीएमआय केबल जुनी असेल, ही एट-के वाली न्या.” ती त्याने पैसे घेऊनच दिली. एचडीएमआयमध्ये आवृत्त्यांचा फरक असतो हे खरं आहे: १.४ च्या जोडणीवर फोर-के फक्त ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० वेळा बदलणारं चित्र येतं, २.० पासून ६० ने. पण हा डिजिटल सिग्नल आहे. केबल कमी पडली तर पडदा मधूनच काळा होतो, चमकते ठिपके दिसतात, नाहीतर चित्र खालच्या रिझोल्यूशनवर येतं. शुभ्र पानावरची काळी अक्षरं सगळीकडे एकसारखी पुसट करणं हे केबलचं लक्षण नाही.

मग लॅपटॉपची पाळी आली. “तुमचं ग्राफिक्स कार्ड छोटं आहे.” ग्राफिक्स खरंच अपुरं असेल तर काम अडखळतं, माउसचा बाण उड्या मारतो. अक्षरं पुसट होत नाहीत. त्यानंतर स्केलिंग, म्हणजे पडद्यावरची अक्षरं आणि चिन्हं मोठी करून दाखवण्याचं सेटिंग. यात थोडं तथ्य आहे. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवलं की काही जुन्या प्रोग्रामची अक्षरं पुसट दिसतात. याची परीक्षा सोपी आहे: स्केलिंग १०० टक्के करा. २७ इंची खऱ्या फोर-के पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी होतील, पण त्यांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ दिसतील. माझ्याकडे ती बारीकही झाली आणि पुसटही राहिली. पुढचं कारण रंगाच्या फॉरमॅटचं होतं, आणि तेही कुठेतरी खरं असतंच. काही वेळा सिग्नल आरजीबी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग, असा न जाता ४:२:० या काटकसरीच्या रूपात जातो. त्यात रंगीत अक्षरांच्या, विशेषतः लाल आणि निळ्या, कडा पसरतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी आहे की नाही ते दिसतं. माझ्याकडे ते आधीपासून आरजीबीच होतं.

शेवटी काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, “मराठी फॉन्टच तसा असेल, इंग्रजी उघडून बघा.” या वाक्याचा मला खरोखर राग आला. ज्या अक्षरांवर माझं पोट आहे, ती मी पाहिली की ओळखते.

या सगळ्यात बिलावर छापलेली सात दिवसांची बदलून देण्याची मुदत निघून गेली. माझ्या मते टोलवाटोलवीचा हेतू तोच होता.

कोंडी फुटली ती एका मैत्रिणीकडे. ती चित्रकार आहे, तिचा फोर-के मॉनिटर नामांकित कंपनीचा आणि खात्रीचा. माझा लॅपटॉप, माझी जुनीच केबल, आणि तिचा मॉनिटर. अक्षरं लख्ख. म्हणजे लॅपटॉप, पोर्ट, केबल, स्केलिंग, फॉन्ट, सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले. असा प्रसंग आलाच तर सगळ्यात आधी हेच करा: बाकी सगळं तेच ठेवून फक्त एक वस्तू खात्रीची लावायची. दुकानदाराच्या सांगण्यावरून एकेक वस्तू बदलत बसलं की पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

पण मैत्रिणीकडचा पुरावा दुकानात दाखवता येत नाही. मला असा पुरावा हवा होता ज्यात केबल, लॅपटॉप, सेटिंग यांचा संबंधच येणार नाही. छापखान्यात छपाईचे ठिपके बघायला जे भिंग वापरतात ते माझ्याकडे असतंच. सोबत स्टीलची पट्टी घेतली.

एलसीडी पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन उभ्या रेघांचा संच. पांढरं पान उघडून भिंगाखाली पाहिलं की हे संच स्वच्छ दिसतात. २७ इंच मापाच्या १६:९ पडद्याची रुंदी साधारण ५९.८ सेंटिमीटर भरते. तेवढ्या रुंदीत ३८४० ठिपके बसवायचे तर दर सेंटिमीटरला सुमारे ६४ यायला हवेत. पडदा १९२० ठिपक्यांचा, म्हणजे साधा फुल एचडी असेल, तर ३२. पट्टी न दाबता अलगद टेकवली आणि मोजले. बत्तीस. दुसऱ्या मॉनिटरवरही बत्तीस.

पॅनेल फुल एचडी आणि आतलं सर्किट फोर-के सिग्नल घेणारं, असा हा प्रकार. ते सर्किट लॅपटॉपला सांगतं की मी ३८४० बाय २१६० आहे. लॅपटॉप त्यावर विश्वास ठेवून तसा सिग्नल पाठवतो, विंडोजही तेच आकडे दाखवतं, आणि मग ते सर्किट आलेलं चित्र आकसून, आडवे-उभे निम्मेच ठिपके असलेल्या पॅनेलवर बसवतं. ठिपके चारातले तीन गायब होतात. माशांच्या व्हिडिओत ते कळत नाही, रफारात कळतं. खोक्यावरची इंग्रजी नीट वाचली तर तिथे फक्त इनपुट रिझोल्यूशन, म्हणजे आत घेता येणारा सिग्नल, ३८४० बाय २१६० असं होतं. पॅनेलचं स्वतःचं, म्हणजे ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन कुठेही छापलेलं नव्हतं. सेटिंगमधला आकडा दाखवून कुणी खात्री देत असेल तर तेवढ्यावर थांबू नका.

इतर मापांसाठीही हिशोब लिहून ठेवते. २४ इंचाला फोर-के असेल तर दर सेंटिमीटरला सुमारे ७२ ठिपके, फुल एचडीला ३६. ३२ इंचाला अनुक्रमे ५४ आणि २७. २७ इंचात २५६० बाय १४४० चा मॉनिटर, ज्याला दुकानात टू-के म्हणतात, त्याला ४३. भिंग नसेल तर ३८४० बाय २१६० मापाचं एक चित्र बनवा, ज्यात एक ठिपका रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा एकाआड एक असतील, आणि ते १०० टक्के आकारात पूर्ण पडद्यावर उघडा. खऱ्या फोर-केवर बारीक, एकसारख्या रेघा दिसतात. खोट्यावर सपाट करडा रंग किंवा लाटांसारखे पट्टे येतात. दुकानात जाताना हे चित्र पेनड्राइव्हवर नेता येतं.

मोजमापाचे फोटो घेऊन गेले तर उत्तर मिळालं, “बिलावर फोर-के कुठे लिहिलंय?” जाहिरातीचा व्हॉट्सॲप मेसेज मी ठेवला होता, तो इथे कामाला आला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. वस्तू अमुक दर्जाची किंवा मॉडेलची आहे असं खोटं सांगणं त्यात येतं, जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणंही येतं. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्याच व्याख्येत आहे. माझी पहिली तक्रार सात दिवसांच्या आतली होती आणि तीही मेसेजवर लेखी होती. तुमचीही तक्रार तोंडी ठेवू नका. दुकानात बोलणं झालं तरी घरी येऊन तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मग जाहिरात, बिल, पट्टीसकटचे फोटो आणि कायद्याचं कलम जोडून दुकानाला स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. त्यात स्पष्ट लिहिलं की ठरावीक दिवसांत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आयोगाची भीती बाळगू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. नोटीस पोचल्यावर दुकानदाराचा सूर एकदम बदलला. “ताई, कोर्टकचेरी कशाला?” दोन्ही मॉनिटरचे पैसे परत आले. एट-के केबलचे आले नाहीत.

डॉकचं मात्र अडलं. दोन्ही मॉनिटर त्यावर लावले की ते ३० हर्ट्झवर यायचे. माउस ओढताना बाण मागे रेंगाळायचा. हे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेखाली लगेच दिसतं. यूएसबी-सीच्या एका वायरमधून चित्र, डेटा आणि चार्जिंग तिन्ही जातात. स्वस्त डॉक चित्राच्या चार मार्गिकांपैकी दोन डेटाला देतात, आणि जुन्या वेगाच्या उरलेल्या दोन मार्गिकांवर एक फोर-के ६० हर्ट्झने नेणंही जमत नाही, दोन तर लांबच. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत फोर-के ३० हर्ट्झ असं छापलेलं आहे, दुकानदार त्यावर बोट ठेवतो. मला साठ सांगितलं होतं, पण तोंडी. म्हणून ती तक्रार कच्ची आहे, हे मी जाणते.

डॉकमध्ये याहून मोठा फटका माझ्या त्याच मैत्रिणीला बसला. तिच्याकडे एम२ चिपचं मॅकबुक एअर आहे. एम१ आणि एम२ चं एअर स्वतःहून एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं. तिला दोन मॉनिटरचा म्हणून जो डॉक विकला त्यावर दोन्ही पडद्यांना तेच चित्र येत राहिलं, आणि सेटिंग बदला, अपडेट करा असं सांगत तिलाही फिरवलं. डिस्प्लेलिंक चिप (चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवणारी) असलेला डॉक आणि त्याचा ड्रायव्हर घातला तरच तिथे दोन वेगळे पडदे मिळतात. विंडोजवाल्यांनीही यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणून चित्र येईल असं धरू नये. काही लॅपटॉपमध्ये ते फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतं. आपल्या मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड’ (यूएसबी-सीमधून चित्र पाठवायची सोय) किंवा थंडरबोल्ट लिहिलेलं आहे का, हे दुकानात जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर बघा.

आता खरेदी करताना मी बिलावर मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक आणि ‘पॅनेल रिझोल्यूशन ३८४० बाय २१६०’ हे शब्द लिहून घेते. डॉक असेल तर ‘दोन मॉनिटर, फोर-के, ६० हर्ट्झ’ हेही. लिहायला जो तयार नाही त्याच्याकडून घेत नाही. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासते, महाराष्ट्रातल्या दुकानाचा तो २७ ने सुरू होतो. मॉनिटरच्या पाठीवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. त्या पेठेतल्या मॉनिटरवर हा क्रमांक नव्हताच.

तीच जाहिरात अजूनही अधूनमधून फिरते, म्हणजे माझ्याआधी आणि माझ्यानंतरही ते मॉनिटर लोकांच्या घरी गेले असणार. तुमच्या टेबलावर अशा फारशा न ऐकलेल्या कंपनीचा ‘फोर-के’ मॉनिटर असेल आणि अक्षरं मऊ वाटत असतील, तर पट्टी लावून मोजा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे बिलावरची तारीख आधी बघा.