इसबगोलची साधी भुसी, आयबीएसवाल्याकडून रिव्ह्यू

पाच पैकी चार स्टार, आणि तो एक स्टार कापलाय तो फक्त त्या बुळबुळीतपणासाठी, बाकी तक्रार नाही. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचा जुनाट त्रास, पोटात कळा आणि कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब) म्हटलं की पोटासाठी काय काय घरात येतं ते ज्याला आहे त्यालाच माहीत, चूर्ण झालं, प्रोबायोटिक झालं, कुणीतरी सांगितलेला काढा झाला, पण संपल्यावर मी परत परत आणतो ती एकच वस्तू, ही भुसी.

हिची गंमत अशी की ही बद्धकोष्ठावरही चालते आणि पातळ मोशनवरही. हे ऐकून बरेच जण हसतात, एकच औषध दोन्हीला कसं काय? पण ही भुसी मुळात पाणी धरून ठेवते. मल कडक असेल तर तो मऊ होतो, आणि पातळ असेल तर तेच जास्तीचं पाणी जेलमध्ये अडकतं आणि जरा घट्टपणा येतो. ज्यांचं आज खडा आणि परवा धावपळ असं आलटून पालटून चालतं त्यांना हे बरं पडतं. आणि ही आतड्यात फारशी आंबत नाही म्हणून गॅस त्या मानाने कमी.

इथे एक महत्त्वाचं, "फायबर खा" हा सल्ला आयबीएसवाल्याला सरसकट देऊ नका हो! गव्हाचा कोंडा आणि इसबगोल दोन्ही फायबरच, पण पोटात गेल्यावर वागणं एकदम वेगळं. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ पेशंटवर १२ आठवड्यांची ट्रायल झाली होती, २००९ ला छापून आली, काहींना रोज १० ग्रॅम इसबगोल, काहींना १० ग्रॅम कोंडा आणि काहींना नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलवाल्यांना आराम पडला, कोंडावाल्यांपैकी मात्र बरेच जण त्रास वाढला म्हणून मधेच सोडून गेले. त्यामुळे कोंडा खाऊन पोट फुगलं तर ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

आता घ्यायची कशी. ग्लासात पाणी आधी, भुसी नंतर, ढवळायचं आणि लगेच प्यायचं. लगेच म्हणजे खरंच लगेच, फोन बघत बसलात की दोन-चार मिनिटांत पाण्याचा जाड गोळा होतो, चमच्याला लोंबायला लागतो आणि मग तो घशाखाली उतरवणं म्हणजे शिक्षा. तळाला चिकटून राहिलेली भुसी परत थोडं पाणी घालून खळखळून पिऊन टाका. त्यावर अजून एक ग्लास पाणी. कोरडी भुसी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी हा प्रकार अजिबात करू नका, ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, गिळायला त्रास होत असलेल्या माणसाने तर हिच्या वाटेलाच जाऊ नये.

सुरुवात छोट्या चमच्याने करा आणि आठवडाभराने थोडं थोडं वाढवा. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊन "मला सूट होत नाही, पोट गच्च झालं" म्हणणारे खूप भेटतात, आणि तशी घेतली तर होणारच ना. आणि ही काही रात्री घेतली सकाळी काम तमाम अशी वस्तू नाही, फरक कळायला काही आठवडे लागतात. झटपट पाहिजे म्हणून लोक सोनामुखीच्या चूर्णाकडे वळतात, पण ते आतड्याला चिमटा काढून काम करतं, आयबीएसच्या पोटात आधीच कळा असतात त्यात अजून ही भर कशाला.

काय होत नाही तेही सांगतो. कळ आली की लगेच थांबवणं हिच्याने होत नाही. त्यासाठी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल जास्त उपयोगी, त्या आतड्याचा स्नायू सैल करतात, फक्त त्या न चावता गिळायच्या नाहीतर छातीत जळजळ ठरलेली. आणि जेवणातलं बिनसलेलं असेल तर भुसी एकटी काय करणार. कांदा, लसूण, गहू, डाळी-कडधान्यं, दूध यातलं नेमकं काय नडतंय ते शोधायला लो-फॉडमॅप पद्धत आहे (आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा असलेले पदार्थ काही दिवस टाळायचे), मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीवाल्यांनी आणलेली. दोन ते सहा आठवडे बंद आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा. लोक बंद करतात ते बंदच ठेवतात, परत सुरू करायचा भाग कुणीच करत नाही, आणि मग खायला उरतं काय? लसणाशिवाय जमतच नसेल तर लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाका, त्रास देणारी साखर तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो.

घेताना साधीच घ्या. फ्लेवरवाली एक पुडी आणली होती, कंपनीचं नाव नको, चव छान ऑरेंज सरबतासारखी, पण पोट नगाऱ्यासारखं. मागे बारीक अक्षरात बघितलं तर सॉर्बिटॉल! म्हणजे ज्याने आयबीएसवाल्याला गॅस होतो तेच आत. "फायबर मिक्स" लिहिलेल्या डब्यांत इन्युलिन किंवा चिकोरी रूट आहे का तेही बघा, ते कांदा-लसणातल्या त्रास देणाऱ्या साखरेच्याच जातीतलं.

इतर गोळ्या चालू असतील तर भुसी आणि गोळी यात दोनेक तासांचं अंतर ठेवा, थायरॉईडवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि मलातून रक्त, आपोआप वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं, यातलं काही असेल तर भुसी राहू दे बाजूला, आधी तपासणी करा.

हिच्या कॅप्सूलही मिळतात, बुळबुळीतपणाची कटकट नाही हे खरं, पण एका कॅप्सूलमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमला वीसेक कॅप्सूल झाल्या आणि वर पाणी तेवढंच. गिळत बसायची हौस असेल तर घ्या.