कानपूरचं रिव्हॉल्व्हर आणि छोटं पीपीके : एक हंगाम, एक पावसाळा कमरेला लावून

छोटं लपतं, मोठं लागतं (म्हणजे नेमावर बसतं), असं आमच्या देवगडकडचे जुने परवानेवाले ऐकवतात. आंब्याचा एक हंगाम आणि त्याच्या पाठोपाठचा अख्खा पावसाळा मी दोन्ही हत्यारं आलटूनपालटून कमरेला लावून काढला. त्यावरून सांगतो, दुसरं अर्धं पुरतं खरं आहे आणि पहिलं अर्धं निम्मंच खरं. हत्यार लपणं नळीच्या लांबीवर फारसं नसतं, मुठीवर आणि जाडीवर असतं. दुकानात माणूस बघतो मात्र नळी.

मोठं म्हणजे माझं स्वतःचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, सहा बारांचं. वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी सात इंच. छोटं म्हणजे चुलत्यांच्या मागे वारस म्हणून माझ्या परवान्यावर चढलेलं वॉल्थर पीपीके पिस्तूल, तेही .३२, पण एसीपी नावाच्या पिस्तुलाच्या काडतुसाचं. लांबी १५५ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये सात. दोघांवरही .३२ लिहिलेलं असलं तरी काडतुसं वेगळी आहेत, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. नव्या माणसाला हे दहादा सांगावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे माझा कोटा इथेच संपला.

परदेशी व्हिडिओंमध्ये कॉम्पॅक्ट की फुलसाइज हा वाद ग्लॉक १९ की ग्लॉक १७ असा, म्हणजे ९ मिलिमीटरच्या छोट्या-मोठ्या पिस्तुलांचा, चालतो. आपल्याला त्याचा उपयोग नाही. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास), सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. आपला खेळ मुख्यतः .३२ आणि .२२ मध्ये. त्यांच्या हिशेबात तर माझं ‘मोठं’सुद्धा छोट्यातच जमा होईल.

आता कमरेचं बोलू. एप्रिल-मे महिन्यात बागेत अंगावर असतो एक सुती हाफ शर्ट, तोही सकाळी नऊला पाठीला चिकटलेला. जॅकेट वगैरे सुचवणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात जामसंड्याला येऊन दाखवावं. रिव्हॉल्व्हरची नळी पँटच्या आत गेली की कुणाला दिसत नाही, पण काडतुसांच्या चक्राचा फुगवटा पट्ट्यावर अडतो आणि गोल मूठ शर्ट बाहेर ढकलते. पेट्या मोजायला वाकलो तेव्हा एका गड्याने विचारलंच, “दादानू, कमरेक काय ता बांधल्यात?” पीपीके जेमतेम इंचभर जाड. उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे लावलं तर तोच शर्ट, तेच वाकणं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. हा फरक लांबीतल्या इंचाचा नव्हे, चपटेपणाचा आहे.

मोटरसायकलवर मात्र उलटा प्रकार. पोटाच्या बाजूला लावलेलं पीपीके बसल्यावर नळीनं जांघेत टोचतं, रिव्हॉल्व्हर कुल्ह्यावर निमूट बसतं. शेवटी दोन्ही कुल्ह्यावरच आली. पट्टा जाड आणि ताठ घ्या, हे सगळ्यात आधी. बाजारातल्या नेहमीच्या पट्ट्यावर ७०० ग्रॅम लावलं की संध्याकाळपर्यंत पँट एका बाजूनं खाली.

होल्स्टरशिवाय नुसतं खिशात किंवा पँटीत खोचून फिरणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि झाकलेलीच पाहिजे, म्हणजे आपल्याकडे लपवून बाळगणं ही हौस नसून नियम आहे. मला होल्स्टर निवडताना कायद्यापेक्षा घामानं जास्त शिकवलं. चामडं अंगाला मऊ, पण घाम पितं आणि धरून ठेवतं. पावसाळ्यात त्यावर बुरशी येते ती वेगळीच. मी कायडेक्सवर (कडक प्लॅस्टिकच्या होल्स्टरवर) गेलो. टोचतं थोडं, पण फडक्यानं पुसलं की कोरडं. चाप पूर्ण झाकला जातो की नाही, एवढं घेताना तपासा.

नेम धरण्याच्या बाबतीत मोठं सरळ जिंकतं. घाटावरच्या एका रेंजवर दोन्ही चालवली. रिव्हॉल्व्हरची मूठ पूर्ण पंजात बसते. घोडा आधी ओढून ठेवला तर चाप हलका लागतो आणि दहा मीटरवर बार जिथे हवा तिथे जातो. बिजागरीवर मोडून उघडलं की सहाही रिकामी टरफलं एकदम बाहेर उडतात, जुन्या वेब्ली बनावटीची ती मजा आहेच. पीपीकेची नळी पक्की बसवलेली असल्यामुळे हत्यार मुळात अचूक आहे, यात शंका नाही. पण माशी (नळीच्या टोकाकडचा नेम धरायचा उंचवटा) इतकी बारीक की चाळिशी लागलेल्या डोळ्याला ती शोधावी लागते. पहिल्या बाराचा चाप जड, पुढचे हलके, त्यामुळे पहिला आणि दुसरा बार एका ठिकाणी पाडायला सराव लागतो. करंगळीला मुठीवर जागा नाही, ती मॅगझिनच्या बुडाच्या ओठावर टेकते. आणि माझ्यासारखा पंजा मांसल असेल तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यात ओरखडा काढते. मी आता तिथे चिकटपट्टी लावूनच बसतो. वर्षाकाठी फारसा सराव होणार नसेल तर छोटं घेऊ नका, असं मी चक्क सांगेन. छोटं हत्यार सोपं असतं हा समज बायकांना आणि म्हाताऱ्यांना ते खपवणाऱ्यांनी पसरवलाय.

राखणीचा विषय येतोच, कारण हंगामात रात्री बागेत झोपावं लागतं. .३२ चं बळ दीडशे-पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास. रानडुकराला त्यानं काही होत नाही. झालंच तर ते जखमी होऊन तुमच्यावर येईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा आहे, बिबट्याचं तर नावच काढू नये. शेतीसंरक्षणाचे परवाने आपल्याकडे ठासणीच्या आणि बारा बोरच्या बंदुकांचे असतात ते उगाच नाही. जनावरासाठी कमरेचं हत्यार विकत घ्यायचा विचार असेल तर तेवढ्या पैशात चांगली टॉर्च, सौर कुंपण आणि दोन गावठी कुत्रे ठेवा. कमरेचं हत्यार माणसाच्या भीतीपोटी असतं, म्हणजे माझ्या बाबतीत हंगामाच्या शेवटी गड्यांचा हिशेब चुकता करायची रोकड घेऊन येताना. अंधारात चाचपडून धरायची वेळ आली तर मोठी मूठ हाताला पटकन सापडते, म्हणून रात्री बागेत रिव्हॉल्व्हर आणि दिवसा बँकेत पीपीके, अशी माझी वाटणी झाली.

आता गंज. लिहायला बसलो ते खरं तर यासाठी, कारण पुण्या-मुंबईची माणसं याबद्दल काही सांगत नाहीत. आमच्याकडे जूनपासून हवाच ओली, त्यात खारा वारा. पीपीकेवरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) जुनं. स्लाइडवरच्या खाचांमध्ये आणि मुठीच्या प्लॅस्टिक पट्ट्यांखाली दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. वरून पुसून भागत नाही, पट्ट्यांचा स्क्रू काढून आत बघावं लागतं. रिव्हॉल्व्हरमध्ये गंज लपतो तो चक्रामागच्या टरफलं उचलणाऱ्या चांदणीखाली. तिथे जुन्या दातांच्या ब्रशचं टोक जातं. छोट्या हत्यारात सांदी जास्त आणि ते अंगाला जास्त चिकटलेलं, म्हणून त्याची निगा मोठ्याच्या दुप्पट. आधी हत्यार रिकामं करायचं, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि मगच फडकं हातात घ्यायचं. तेलाचा पातळ हात पुरे. थबथबीत तेल काडतुसाच्या बुडात शिरलं तर बार फुसका निघू शकतो.

कपाटात बल्ब लावून ठेवायचा सल्ला बरेच देतात. आमच्याकडे पावसात वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा तो बल्ब काय कामाचा! घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, डबा कुलूपबंद लोखंडी कपाटात. पुड्या अधूनमधून तव्यावर मंद गरम करून घेतो. होल्स्टरसकट कधीही ठेवत नाही. अंगावर बाळगलेली काडतुसंही घामानं काळवंडतात, पितळेवर हिरवट कळक चढतो. रेंजवर आधी तीच संपवायची आणि नवी भरायची. रिव्हॉल्व्हरची खडकीच्या कारखान्याची मिळतात, त्यात फारशी अडचण नाही. पीपीकेची मिळेपर्यंत जास्त फेऱ्या होतात, हा त्याचा आणखी एक तोटा.

आपल्या बाजूच्यांसाठी एक गोष्ट. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर बांद्याच्या पुढे गोव्यात हत्यार घेऊन जाता येत नाही, मग ते कितीही छोटं असो. म्हापशाला बाजाराला निघताना सवयीनं कमरेला राहतं, म्हणून घरातून निघतानाच पट्टा बदलायची सवय लावा.

आणि निवडणुकीच्या वेळी जमा करायची नोटीस आली तर हत्यार आधी साफ करून, तेलाचा हात देऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसकट द्या. एका ठिकाणी जमा केलेलं माझं पीपीके भर पावसाळ्यात कापडात गुंडाळून पडलं होतं. परत मिळालं तेव्हा स्लाइड हातानं मागे जाईना. पावतीवर हत्याराचा नंबर, दोन्ही मॅगझिन आणि काडतुसांची संख्या तिथेच उभं राहून लिहून घ्या. माझ्या पहिल्या पावतीवर नुसतं ‘पिस्तूल एक’ असं होतं.